कळसूबाई ते महाबळेश्वर, घाटमाथ्याने सलग पायी : शिधा आणि सामानाची सोय कशी लावावी?

कोपरीची_पायवाट (धागाकर्ती)

येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारी गावातून कळसूबाई चढायची आणि तेथून घाटमाथ्याच्या कडेकडेने दक्षिणेला सरकत महाबळेश्वर गाठायचे, असा आम्हा तिघांचा बेत ठरला आहे. नकाशावर ही दोन टोके सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांच्या आत आहेत. परंतु कडा सारखी आत-बाहेर वळते, नाळा आणि खिंडींना वळसे घालावे लागतात, त्यामुळे प्रत्यक्षातली चाल त्याच्या जवळजवळ दुप्पट होईल असे धरून आम्ही साधारण चार आठवडे मोकळे ठेवले आहेत. दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत सगळे पाठीवर घेऊन निघता येते, पण चार आठवड्यांचा शिधा कोणाच्याही पाठीवर मावणार नाही. त्याची सोय कशी लावावी, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

मार्गाचे पाच टप्पे पाडले आहेत. पहिला बारी, कळसूबाई, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वर. दुसरा माळशेजच्या माथ्याने नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि भीमाशंकर. तिसरा भीमाशंकरहून वांद्रे खिंड आणि कुसूरच्या बाजूने लोणावळा. चौथा तैलबैला आणि घनगड करत ताम्हिणी. पाचवा ताम्हिणीहून मोहरी, सिंगापूर, केळद, पुढे भोर-महाड रस्ता ओलांडून रायरेश्वर आणि शेवटी महाबळेश्वर.

सध्याचा विचार असा आहे की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक, याप्रमाणे चार खोकी ठाण्याहून आधीच रवाना करावीत, माणशी दिवसाला एक किलो कोरडा शिधा धरावा आणि प्रत्येक खोक्यात गॅसचा एक छोटा डबा ठेवावा. बूट एकाच जोडीवर निभावेल असे वाटते. खोकी एसटीच्या पार्सलने पाठवावीत की टपालाने, कोणाकडे ठेवावीत आणि शिध्याचे वजन कोठे कमी करता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरूळचा_सॅकवाला

बेत उत्तम आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आणून देतो, कारण तिच्यावर बाकीचे नियोजन उभे राहते. या मार्गाचा उत्तरेकडचा निम्मा भाग ठाणे जिल्ह्याला आणि कर्जतला अगदी लागून जातो. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते, माळशेज कल्याणच्या एसटी मार्गावर आहे, नाणेघाटाची पायवाट त्याच रस्त्यावरील वैशाखरे गावाजवळून चढते आणि लोणावळा तर रेल्वेवरच आहे. ठाण्यात बसलेला एक भरवशाचा माणूस सकाळी घरून निघून दुपारच्या आत यांपैकी कोणत्याही ठिकाणी तुमच्या हाती पिशवी देऊ शकतो. म्हणून लोणावळ्यापर्यंत खोकी आधी पाठवून कोणाच्या घरात आठवडाभर पडून ठेवण्याची गरजच नाही. गरज आहे ती तळ सांभाळणाऱ्या व्यक्तीची. तिच्याकडे सगळ्या पिशव्या भरून, क्रमांक घालून ठेवाव्यात, आणि तुमचा फोन लागेल तेव्हा कोणती पिशवी कोठे आणायची हे तुम्ही कळवावे.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी खिरेश्वर गावात थांबण्यापेक्षा खुबी फाट्यावर या. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून चालत फाटा गाठता येतो, आणि कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाटा, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या गाड्या फाट्यावरूनच जातात. पिशवी घेऊन येणाऱ्याला गाडी बदलावी लागत नाही, शोधाशोध करावी लागत नाही.

लोणावळ्याच्या दक्षिणेला मात्र ठाण्याचा आधार पातळ होतो. तेथील विचार वेगळा करावा लागेल.

वाशीची_आहारतज्ज्ञ

माणशी एक किलो हा आकडा बराच जास्त आहे. दिवसभर पाठीवर वजन घेऊन चढउतार करणाऱ्या माणसाला तीन हजार किंवा त्याहून थोड्या अधिक कॅलरी लागतात हे खरे, परंतु त्या भरून काढण्यासाठी किलोभर अन्न लागत नाही; एका ग्रॅममागे जास्त ऊर्जा देणारे जिन्नस निवडावे लागतात. तांदूळ, पोहे आणि डाळ यांच्या शंभर ग्रॅममधून साधारण साडेतीनशे कॅलरी मिळतात. शेंगदाण्यातून साडेपाचशेच्या वर, सुक्या खोबऱ्यातून साडेसहाशेच्या आसपास आणि तुपातून जवळजवळ नऊशे मिळतात. वजन कमी करायचे असेल तर धान्य थोडे घटवून स्निग्ध पदार्थ वाढवावेत, हा साधा हिशेब आहे.

एका दिवसाचा, एका माणसाचा शिधा असा धरून पाहा. पोहे १०० ग्रॅम, तांदूळ १२० आणि मुगाची डाळ ६०, तूप ४०, भाजलेले शेंगदाणे ८०, गूळ ६०, खजूर ६०, बेसनाचे लाडू १००, दूध पावडर ४० आणि सुके खोबरे ३०. बेरीज ६९० ग्रॅम होते आणि कॅलरी तीन हजारांच्या पुढे जातात. मीठ, मसाला, चहा आणि चटणी यांचे वजन किरकोळ आहे. पाच दिवसांना साडेतीन किलोच्या आत काम होते, म्हणजे तुमच्या हिशेबापेक्षा माणशी दीड किलो कमी.

डाळ मुगाचीच घ्या. १४०० मीटर उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांना उकळते, त्यामुळे हरिश्चंद्रगडावर उघड्या भांड्यात तुरीची डाळ शिजवत बसलात तर गॅस संपेल आणि डाळ बोटचेपी राहील. मूगडाळ आणि तांदूळ घरीच कोरडे भाजून घ्यावेत, मुक्कामाला पोहोचताच पाण्यात भिजत घालावेत आणि बाकीची कामे उरकून मग चूल पेटवावी. खिचडी निम्म्या वेळात होते.

मिठाकडे दुर्लक्ष करू नका. डिसेंबरच्या थंडीत घाम जाणवत नाही, पण जातो. ओआरएसची पाकिटे असावीतच. रोजच्यासाठी मात्र आमसूल, मीठ आणि गूळ पाण्यात कालवून प्यायले तर तोंडालाही बरे वाटते. मेतकूट घ्या. सपक भातावर मेतकूट आणि तूप असले की कंटाळलेला माणूसही पोटभर जेवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात कमी पडते ती जेवणाची इच्छाच.

अकोलेकर_कळव्यात

मी मूळचा अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावरच्या एका गावचा. नोकरीनिमित्त कळव्यात राहतो, घरचे सगळे गावीच आहेत. वरचे प्रतिसाद वाचून समाधान वाटले, पण यात गावाचा विचार अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या मार्गावर बहुतेक संध्याकाळी कोणते ना कोणते गाव किंवा वाडी लागेल. डिसेंबर-जानेवारीत भाताची कापणी आणि झोडणी झालेली असते, घरात नवा तांदूळ असतो, नाचणी आणि वरई असते. त्या दिवसांत तीन माणसांचे जेवण करून घालणे कोणत्याही घराला जड जात नाही, आणि त्यातून चार पैसे मिळतात ते हवेच असतात. हेच एप्रिल-मे महिन्यात मागाल तर परिस्थिती वेगळी असते; तेव्हा पाण्याचा हंडाही लांबून आणावा लागतो. तुम्ही योग्य दिवसांत निघत आहात, तर रात्रीचे जेवण गावातच घ्या. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले किंवा उडदाचे वरण आणि भात एवढे नक्की मिळेल. सकाळी निघताना दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून मागितला तर दुपारही भागते. तसे केले तर ताईंनी वर दिलेल्या यादीतील डाळ-तांदूळ आणि निम्मे तूप पाठीवर वाहावे लागत नाही.

पण काही गोष्टींत गावावर भार टाकू नका. वाडीतल्या दुकानात तेल, साखर, चहा पावडर आणि बिस्किटे जीपने राजूरहून येतात आणि ती मोजकीच असतात. तीन शहरी माणसे येऊन दुकानातले निम्मे तेल आणि सगळी बिस्किटे घेऊन गेली, तर पुढच्या खेपेपर्यंत गावातल्या घरांना वाट पाहावी लागते. म्हणून धान्य आणि भाजी गावाकडून घ्यावी, दुकानातला माल मात्र स्वतःजवळचा वापरावा. ज्या घरी जेवाल तिथे आपली चहा पावडर आणि साखर आधीच काढून द्यावी. दूध मिळेलच असे धरू नका, कारण बऱ्याच घरांत गुरे असतात पण ती शेतीची.

पैशांची गोष्ट आधीच बोलून घ्या. जेवण झाल्यावर विचारले तर घरातल्या काकी संकोचाने आकडा सांगत नाहीत, मग तुम्ही अंदाजाने काहीतरी देता आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते. बसण्यापूर्वी विचारावे, सांगतील ते रोख द्यावे. रेंज नसते, त्यामुळे मोबाईलवरून पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही. शंभर आणि पन्नासच्या नोटा भरपूर ठेवा, पाचशेची मोड वाडीत होत नाही.

खोके ठेवायचेच असेल तर देवळात, शाळेत किंवा 'गावात कोणाकडेही' ठेवू नका. एका घराशी बोला, त्यांना ठेवण्याचे काय द्यायचे ते ठरवा आणि आपण साधारण कोणत्या दिवशी येऊ ते सांगून ठेवा. पुठ्ठ्याचे खोके तर नकोच. उंदीर एका रात्रीत त्याची चाळण करतात. तेलाचा पत्र्याचा डबा धुऊन, झाकण घट्ट बसवून, वरून सुतळी बांधलेला सर्वांत सुरक्षित.

कोपरीची_पायवाट

अकोलेकर दादा, मनापासून आभार. गावातील साठ्याचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. रात्रीचे जेवण गावात, हे तत्त्व आम्ही स्वीकारत आहोत.

एक शंका आहे. रोज गाव गाठायचे ठरवले तर चाल गावांच्या अंतराला बांधली जाते. एखाद्या दिवशी खिंडीतच अंधार पडला तर?

जुना_पांथस्थ

त्यासाठीच माणशी दोन रात्रींचा शिधा कायम पाठीवर हवा आणि तो गावात जेवला तरी संपवायचा नाही. आमच्या पिढीत त्याला हात लावायची परवानगी फक्त पुढाऱ्याला असे. हा शिधा न शिजवता खाता येईल असा असावा. पातळ पोहे, सुके खोबरे, शेंगदाणे, तळून कुरकुरीत केलेला कांदा, मीठ आणि वाळवलेली मिरची एकत्र करून पिशवीत भरली की थंड पाण्याचा शिपका मारून दडपे पोहे होतात. सातूचे पीठ आणि गूळ पाण्यात कालवून खाता येते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही दोन्ही अभयारण्ये तुमच्या वाटेवर आहेत, तेथे जंगलात जाळ करता येत नाही. त्यामुळे चुलीवाचून भागेल असा शिधा नियमाच्या दृष्टीनेही योग्य.

गॅसच्या डब्याविषयी धागाकर्तीने वेळीच सावध व्हावे. तो टपालाने किंवा कुरियरने पाठवता येत नाही, रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेण्यास मनाई आहे आणि एसटीतही तो नेऊ नये. तो फक्त खाजगी वाहनाने पोहोचू शकतो. २३० ग्रॅमचा एक डबा जपून वापरला तर साधारण दहा लिटर पाणी उकळते, भात शिजवत बसले तर बराच लवकर संपतो. सकाळचा चहा आणि अडीअडचणीची एखादी खिचडी एवढाच वापर ठेवला, तर तिघांना आठवड्याला एक डबा पुरावा. तेव्हा खुबी फाट्यावर पिशवी घेऊन येणारी व्यक्ती स्वतःच्या गाडीने आली तर बरे, आणि तिने दोन डबे एकदम आणावेत.

टपालाविषयी : गावातली शाखा डाकघरे दिवसातून काही तासच उघडी असतात, आणि तुम्ही कोणत्या दिवशी तेथून जाल हे चालणाऱ्याला नक्की सांगता येत नाही. रविवारी पोहोचलात तर सोमवारची वाट पाहावी लागेल. शिवाय पत्ता लिहिताना या पट्ट्यात एक जागा हमखास फसवते. घाटघर नावाची दोन गावे तुमच्याच मार्गावर आहेत, एक भंडारदऱ्याच्या वर अकोले तालुक्यात आणि दुसरे नाणेघाटाच्या डोक्यावर जुन्नर तालुक्यात. तालुका आणि पिनकोड न लिहिता 'मु. पो. घाटघर' एवढेच लिहिलेले पार्सल कोणत्या घाटघरला जाईल हे सांगता येत नाही. एसटीचे पार्सल मोठ्या स्थानकापर्यंत जाईल, पण तेथून घाटाच्या तोंडाशी असलेल्या वाडीपर्यंत ते कोण नेणार?

ऐरोलीकर_कॅलिफोर्नियात

मी येथे सिएरा नेवाडा पर्वतातील जॉन म्यूर ट्रेल चाललो आहे. ती वाट सुमारे ३४० किलोमीटरांची, म्हणजे तुमच्या बेताच्या जवळपासची आहे. तेथील पद्धत सांगतो, कारण चार खोक्यांची कल्पना बहुधा तिकडूनच आली असावी.

त्या वाटेच्या मोठ्या भागात वस्तीच नाही. वाटेच्या मध्यावर म्यूर ट्रेल रँच नावाचे ठिकाण आहे, तेथे शुल्क भरून आपला शिधा झाकणाच्या प्लास्टिक बादलीत भरून काही आठवडे आधी पाठवावा लागतो. अस्वलांमुळे सगळे अन्न एका टणक गोल डब्यात ठेवणे बहुतेक भागात बंधनकारक आहे, त्यामुळे किती दिवसांचे अन्न नेता येईल हे वजनापेक्षा डब्याच्या आकारावर ठरते. एवढे सगळे करावे लागते कारण दुसरा पर्यायच नसतो. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी ४,२६५ किलोमीटरांची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालणारे लोकही, जेथे गाव लागते तेथे गावातच खरेदी करतात आणि खोकी फक्त आडबाजूच्या ठिकाणांसाठी राखून ठेवतात. तुमच्या वाटेवर तर रोज माणसांची घरे आहेत. तेव्हा तेथील एकच सवय उचलण्यासारखी वाटते. पिशवी आधीच भरायची, पण तिचे तोंड बंद करायचे नाही. दोन आठवडे चालल्यावर माणसाला काय नकोसे झाले आहे हे घरी बसून कळत नाही. मला शेवटी गोड अजिबात खाववत नव्हते आणि पिशवीत सगळे गोडच होते.

वाशीची_आहारतज्ज्ञ

हे फार महत्त्वाचे सांगितलेत. लाडू आणि चिक्की यांच्या बरोबरीने खारे आणि तिखट पदार्थ हवेतच. भडंग, शेंगदाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, तिखट शंकरपाळे आणि कडक भाजलेली बाजरीची भाकरी या सगळ्या वस्तू टिकतात. पिशव्यांत माल भरण्यापूर्वी तो पूर्ण गार झालेला असावा. ठाण्याच्या दमट हवेत गरम चिवडा भरला की पिशवीत वाफ धरते आणि आठवड्यात खवट वास येतो. नारळाचा ओला चव कशातही नको.

सुकामेवा आणि मसाले वाशीच्या घाऊक बाजारातून घेतले तर स्वस्त पडतील, किरकोळ वस्तूंसाठी ठाण्यात जांभळी नाका आहेच. प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी करून तिच्यावर वार न लिहिता 'दिवस १', 'दिवस २' असे लिहा, कारण एक दिवस मागेपुढे झाला की वार चुकतात आणि माणूस गोंधळतो.

नेरूळचा_सॅकवाला

आता सामानाविषयी. शिध्यावर चर्चा भरपूर झाली आहे, पण लांबच्या चालीत माणूस घरी परततो तो बहुतेक वेळा पायांमुळे.

बुटांची दुसरी जोडी हवीच आणि ती लोणावळ्याला हवी. सह्याद्रीचा कातळ खरबरीत आहे, उतारावरचा मुरूम बुटाच्या तळव्याच्या कडा खातो, आणि घसाऱ्यावर झिजलेला तळवा म्हणजे सरळ धोका. दुसरी जोडी नवी कोरी नको, ती आधी येऊरच्या जंगलात किंवा पारसिकच्या टेकडीवर चालून पायाला बसवलेली असावी. रोज चालून पाय थोडे सुजतात आणि पसरतात, म्हणून ती अर्ध्या मापाने मोठी असली तर बोटांची नखे वाचतात. सोबत मोज्यांचे तीन जोड द्यावेत : एक पायात, एक सॅकवर वाळत आणि एक फक्त झोपताना घालायचा, जो कधीही ओला होऊ द्यायचा नाही.

दुरुस्तीचे सामान प्रत्येकाने वेगळे न घेता तिघांत एक ठेवा. दाभण, मेणाचा जाड दोरा, बुटाचा गोंद, सॅकच्या पट्ट्यासाठी दोन जादा बकला, चार-पाच हात सुतळी आणि कापडी चिकटपट्टी. तळवा सुटू लागला की त्याच संध्याकाळी गोंद लावून, सुतळीने आवळून, रात्रभर वर दगड ठेवावा. सुटलेला तळवा घेऊन दुसऱ्या दिवशी दोन तास चाललात तर आत खडे शिरतात आणि मग गोंद धरत नाही. लोणावळ्यात चांभाराकडून शिवून घेता येईल, पण तेथपर्यंत तो टिकायला हवा.

कपड्यांबाबत कारवीचा विचार करा. डिसेंबरात कारवीच्या वाळक्या काड्या उभ्या असतात आणि वाट त्यांच्यामधून जाते, पातळ पँट आठवड्यात फाटते. लोणावळ्याच्या पिशवीत एक जादा पँट ठेवा. उबदार कपडे मात्र मध्येच घरी पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर उंच आहे, हरिश्चंद्रगडही चौदाशेच्या वर आहे, आणि जानेवारीत महाबळेश्वरला पोहोचाल तेव्हाही रात्री चांगलीच थंडी असेल.

शेवटच्या टप्प्यासाठी माझी एक तयारी आहे. ताम्हिणीला नवी मुंबईहून पनवेल, माणगाव, निजामपूर असे घाट चढून येता येते. तुमचा दिवस आदल्या संध्याकाळी कळला, आणि तो शनिवार-रविवार असला, तर मी गाडीने पिशवी आणि गॅस आणून देईन. ताम्हिणीनंतर मोहरी-सिंगापूरच्या बाजूला वस्ती विरळ आहे, तेथे दुकानाची अपेक्षा ठेवू नका. ती पिशवी सगळ्यांत भरलेली असावी.

पाचपाखाडीची_मावशी

या धाग्यावर तळ सांभाळणाऱ्या व्यक्तीविषयी कोणीतरी लिहायला हवे, म्हणून लिहिते. भाचा आणि त्याचे मित्र लांबच्या चालीला गेले की पिशव्यांचे काम माझ्याकडे असते.

निघण्यापूर्वी त्या व्यक्तीला स्वयंपाकघरातल्या यादीइतकीच स्पष्ट यादी द्या. कोणत्या पिशवीत काय आहे, काय ऐन वेळी घालायचे आहे, जसे की तूप, औषधे, विजेरीचे सेल आणि चार्ज केलेली पॉवर बँक, हे वेगळे लिहा. पिशवी द्यायला गेल्यावर रिकाम्या हाती परतायचे नाही. चालणाऱ्यांकडचा सगळा कचरा, रिकामी पाकिटे, संपलेला गॅसचा डबा, फाटलेले कपडे आणि उतरलेली पॉवर बँक परत आणायची, म्हणजे प्लास्टिक गावात राहत नाही आणि पाठीवरही राहत नाही.

ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर किती वेळ वाट पाहायची आणि मग कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. वाटेवरच्या गावांतले जे क्रमांक मिळतील तेही त्यावर असावेत. घरी बसलेल्या माणसाला सर्वांत त्रास होतो तो नक्की कधी काळजी करायची हे माहीत नसल्याचा.

आणि पिशवीत घरची एक गोष्ट यादीबाहेरची ठेवावी. गूळपोळ्या डिसेंबरात आठवडाभर सहज टिकतात.

कोपरीची_पायवाट

सर्वांचे आभार. बेत पुष्कळ बदलला आहे, म्हणून नवा आराखडा येथे ठेवते. काही चुकत असेल तर निघण्यापूर्वी सांगावे.

चार खोक्यांचा विचार सोडला आहे. रात्रीचे जेवण शक्य तेथे गावात घेणार, दिवसाचा शिधा पाठीवर माणशी साधारण पाचशे ग्रॅम धरणार आणि त्याशिवाय न शिजवता खाण्याचा दोन रात्रींचा शिधा वेगळ्या लाल पिशवीत राहील. चहा, साखर आणि तेल पूर्णपणे आमचे असेल. खुबी फाट्यावर माझी बहीण गाडीने येईल, गॅसचे दोन डबे आणि सहा दिवसांचे कोरडे खाणे देईल आणि कचरा परत नेईल. भीमाशंकर तीर्थक्षेत्र असल्याने तेथे खाणावळी आणि दुकाने आहेत, म्हणून तेथे काही मागवणार नाही. लोणावळ्याला बहीण रेल्वेने येईल, त्यामुळे त्या पिशवीत गॅस नसेल. बूट, मोजे, पँट, औषधे आणि खारे पदार्थ असतील, बाकी खरेदी तेथील बाजारात होईल. ताम्हिणीची पिशवी नेरूळच्या दादांकडे निघण्यापूर्वीच पोहोचवते.

एकच गाठ सुटलेली नाही. नाणेघाट ते आहुपे या पट्ट्यात एखादा दिवस वाढला, तर खुबी फाट्याची पिशवी भीमाशंकरपर्यंत पुरेल का?

अकोलेकर_कळव्यात

पुरेल, पण ताण कशाला? नाणेघाटाच्या वरच्या घाटघरहून जुन्नरला जाता येते आणि जुन्नरला मोठी बाजारपेठ आहे. तिघांपैकी एकाने जीवधनच्या दिवशी गड न चढता जुन्नरला जाऊन यावे, बाकी दोघांनी घाटघरला थांबावे. शेंगदाणे, गूळ, पोहे आणि लिंबे एवढेच आणायचे. जाणारी गाडी सकाळी किती वाजता आणि परतीची शेवटची केव्हा, हे आदल्या रात्री ज्यांच्या घरी जेवाल त्यांनाच विचारा. मुक्कामी एसटी असेल तर तिचा चालक गावातच झोपलेला असतो, त्याच्याकडून वेळ पक्की कळते.

पाण्याचेही तेथेच विचारून ठेवा. डिसेंबरात ओढे वाहते असतात, पण ढाकोबा-दुर्गच्या माथ्यावर सगळीकडे पाणी नाही. कोणत्या टाक्यातले प्यायचे आणि कोणत्यात गुरे उतरतात, हे गुराख्यांना ठाऊक असते. माणशी तीन लिटर भरूनच घाटघर सोडा.

कोपरीची_पायवाट

जुन्नरची फेरी वेळापत्रकात घातली आणि प्रत्येकाला एक लिटरची तिसरी बाटली यादीत वाढवली. दादा, पहिल्या टप्प्यात कुमशेतला ज्यांच्याकडे जेवणाविषयी आधी बोलून ठेवता येईल अशा एखाद्या घराचा क्रमांक असल्यास कृपया मला व्यक्तिगत निरोपात कळवावा. येथे उघड लिहू नये.